मालक जवळ बसल्याशिवाय

परवा आमच्या लॅबमधले आठ जुने कॉम्प्युटर पुसून त्यांवर लिनक्स टाकायचं काम निघालं. मी तिवशाच्या एका कॉलेजात लॅब सांभाळते. अमरावतीहून रोज एसटीनं जाणं-येणं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर माऊस धरून बसली होती. ‘पूर्ण डिस्क पुसा’ या ओळीवर तिनं बाण नेला. बोट खाली जाणार तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

“वाच.”

“काय वाचू मॅडम? नेक्स्ट नेक्स्टच तं कराचं हाय.”

“कोणती डिस्क, किती जीबी, ते वाच. जोरानं. साऱ्या लॅबले आयकू गेलं पाहिजे.”

मुली हसल्या. मॅडम कधी कधी सटकते हे त्यांना माहीत आहे. तिनं ओरडून वाचलं, मी मनगट सोडलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. ते वाक्य माझं नव्हतंच. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या नईमचाचांचं होतं. चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण लिहायला बसलं की माझ्या तोंडचं एक वाक्यही लिहावं लागणार होतं.

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की बांगड्यांच्या दुकानांच्या गल्लीत, अगदी शेवटी, त्यांचं दुकान होतं. नावाची पाटी नव्हती. शेजारी गाद्या-रजया भरणाऱ्या युसूफमियांचं दुकान. दिवसभर कापूस पिंजणं चालायचं आणि त्याची तूस उडून चाचांच्या दुकानात यायची. कॉम्प्युटरच्या पंख्याला तुसीसारखा वैरी नाही. चाचा दारात ओलं फडकं टांगायचे, ते वाळलं की पुन्हा भिजवायचे. “कॉम्प्युटरच्या दुकानाले याच्याहून वाईट शेजार खुदा बी देऊ शकत नाई,” असं युसूफमियांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. युसूफमिया तिकडून म्हणायचे, “तो चला जा ना भाई, रोका किसने है?” दोघं एकाच शाळेत एकाच वर्षी नापास झालेले. चाचा कुठं जाणार होते!

आत एकच पाटी होती. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेली: ‘मालक जवळ बसल्याशिवाय काहीही पुसल्या जाणार नाही.’

मी तिथं पहिल्यांदा गेले ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना. हिवरखेडची पोरगी, अकोल्यात हॉस्टेलवर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा काही लोकांना फुशारकी वाटते. वाटू द्या. पुण्याच्या आतेभावाच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप त्यानं मला दिला होता. नऊ वर्षांचा म्हातारा. चाळीस जीबीची डिस्क, तीही गच्च. चालू व्हायला लागला की आपण जेवून यावं. मोठ्या बाजारातल्या दोन दुकानांनी सांगितलं, भंगारात द्या. दुसरा तर हसला. मी त्याला म्हटलं, “भंगार म्हणाले ते चाललं. हसले काहून?” आणि डबा उचलून निघाले. कोणीतरी जुन्या शहराचा पत्ता दिला.

चाचांनी मान वर न करता विचारलं, “गाव कोणतं?”

“हिवरखेड.”

“बस, हिवरखेड.”

गिऱ्हाइकाला ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. दुकानात एका वेळी बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर असे बसलेले असायचे आणि चाचा म्हणायचे, “पातूर, जरा सरक, बाळापूरले बसू दे.” सारं जुनं शहर त्यांना नईमभाई म्हणे. माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी चाचा निघालं आणि तेच राहिलं.

“किती जागा हाय यात?”

“चाळीस जीबी. दोनच उरली.” माझा आवाज रडका झाला असावा.

“मंग रडते काहून? जागा कमी हाय म्हणून रडाचं नसते, पोरी. काय ठेवाचं ते ठरवाचं असते. हॉस्टेलात तुही पेटी केवढी हाय?”

“असंल एवढी.”

“त्यात हिवरखेडचं घर कोंबून आणलं का तू? नाई ना? चार कपडे आणले, पुस्तकं आणली. तसंच हे.” मग त्यांनी विचारलं, “यात काय काय हाय?”

“काही नाही.”

“काही नाई असं काही नसते. उघडून दाखव.”

आत माझ्या आतेभावाचं सामान होतं. चाचा म्हणाले, मालक तो, त्याला फोन लाव. भाऊ मीटिंगमध्ये होता, म्हणाला, “अगं, उडव सगळं.” चाचांनी माझ्या हातून फोन घेतला. “भाऊ, उडवतो. पण नावं आयकून घ्या.” आणि मला एकेक फोल्डरचं नाव वाचायला लावलं. आठव्या-नवव्या नावाला भाऊ “थांब” म्हणाला. गावाकडचं घर पाडलं त्याच्या आदल्या आठवड्याचे फोटो होते. तो म्हणाला, “ते... ते तेवढे राहू दे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनड्राइव्ह काढला, फोटो त्यावर घेतले, घेतलेले एकेक उघडून पाहायला लावले. “कॉपी कराची. कट कराचं नाई, कधीच नाई. आन कॉपी उघडून पाहाची. मंगच पुसाचं.” मग तो पेनड्राइव्ह उपसून मला हातात धरायला दिला. पुसताना मशीनला दुसरं काही लावलेलं ठेवायचं नाही. नमाजच्या आधी हातपाय धुताना, वजू करताना, अंगठी काढून ठेवतात तसं.

“आता वाच. वरची ओळ. कोणती डिस्क पुसाची ते.”

माझं इंग्रजी गावच्या शाळेचं. मी पुटपुटले.

“जोरानं.”

“एस, डी, ए. चाळीस जीबी.”

“अजून जोरानं!”

“एसडीए! चाळीस जीबी!”

पलीकडून युसूफमिया ओरडले, “समझ गए बाबा, चालीस जीबी!” सारी गल्ली हसली आणि मीही हसले. इंग्रजी मोठ्यानं वाचायची माझी लाज त्या दिवशी गेली असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. चाचांनी मला धीट केलं, असं.

त्यांनी डिस्कचे वाटे पाडले. पंधरा जीबी लिनक्सला, दोन मशीनला दम खायला, बाकी सारी मला. तासाभरात तो म्हातारा टुणकन उठून बसला. त्याच डब्यावर मी तीन वर्षं काढली, त्यावरच प्रोजेक्ट लिहिला, बी.एस्सी. झाले. चोरीची विंडोज चाचा टाकत नसत. “एक तं चोरीची, आन वरून जड. चोरी कराची तं हलकी तरी करा ना.”

त्या तीन वर्षांत मी पुष्कळदा जाऊन बसायचे. काम असो-नसो. त्यांच्या दुकानात शिकण्यासारखं होतं आणि शिकवण्याचा आव नव्हता. बिनसाखरेचा चहा प्यायचे. गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडलेली, एकेका झाकणात एकेका लॅपटॉपचे स्क्रू. स्क्रू बोटाच्या पेराला लावून सांगत, हा बिजागरीचा, हा खालचा. पंखा बिघडला की मशीनला कान लावत. डोळ्यांच्या आधी हात आणि कान चालत त्यांचे. मला ते कसब वाटायचं.

पाटीवरून भांडणं होत. एकदा एका हवालदारसाहेबांनी शिपायाकरवी लॅपटॉप पाठवला, फॉर्मॅट करून द्या म्हणून. चाचांनी तसाच परत पाठवला: साहेबांना पाठवा. संध्याकाळी साहेब स्वतः आले, भरदार मिशा, आल्या आल्या म्हणाले, “नईमभाय, तुले लय माज आला का?”

“बसा, साहेब. वाचा.”

साहेब फणफणत वाचायला लागले. ड्यूटी, फोटो, मुलाचे सर्टिफिकेट, आणि मग एकदम थांबले.

“पुढं वाचा ना. मले काय समजते?”

साहेबांनी दुकानात पाहिलं. मी होते, पातूर होतं. खालच्या आवाजात म्हणाले, “कविता.”

“काय?”

“कविता म्हटलं ना!”

“आपल्या का कोणाच्या?”

“...आपल्याच.”

“किती हायेत?”

“एकशे बारा.”

“पुसू?”

साहेबांच्या मिशा खाली आल्या. “नको,” म्हणाले. “त्या राहू दे भाऊ.” पलीकडून युसूफमियांनी ‘वाह वाह’ केलं तेव्हा चाचांनी भिंतीवर जोरात बुक्की मारली. त्या कवितांबद्दल त्यांनी पुढं कोणाजवळ एक अक्षर काढलं नाही. हवालदारसाहेब गल्लीतून गेले की मान लववून जात.

सबा त्यांची एकुलती एक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चाचा दहावी नापास, चाची शाळेतच न गेलेल्या. सबा त्यांच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आम्हा दोघींचं त्यावरूनच जमलं. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही एकमेकींच्या मार्कलिस्टा पाहायचो. ती मला म्हणायची, “तुझ्या घरी तू पहिली, माझ्या घरी मी पहिली. आपल्या दोघींच्या मागं कोणी उभं नाही, म्हणून टेकून बसता येत नाही बघ.” मराठी माझ्याहून शुद्ध बोलायची. पुढं एका लहान शाळेत शिकवायला लागली. पहिल्या पगारातून तिनं एक छोटा स्वस्तातला लॅपटॉप घेतला. त्यात डिस्क नव्हतीच, बोर्डावर डाग देऊन बसवलेली बत्तीस जीबीची एक चिप. चाचांनी नाक मुरडलं होतं. “हे काय लॅपटॉप हाय? डब्बी हाय डब्बी. विंडोजच बसली तं पोरीले बसाले जागा नाई.”

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ती त्या डब्बीवर चौथीचे धडे बोलून ठेवायची आणि पालकांच्या फोनवर पाठवायची. दुसऱ्या लाटेत ती गेली. आठ दिवसांत. मी जाऊ शकले नाही. कोणीच जाऊ शकलं नव्हतं.

त्यानंतर मी गेले तेव्हा दुकान उघडं होतं, चाचा कामात होते. दुपारची नमाज झाली आणि आतल्या घरातून आवाज आला, “मुलांनो, आज आपण आपल्या जिल्ह्यातल्या नद्या पाहू.” चाची सबाच्या खोलीत डब्बी लावून बसल्या होत्या. लागायला अर्धा अर्धा तास घ्यायची ती. चाची नमाजच्या आधीच बटण दाबून ठेवत. सबा प्रत्येक नदीचं नाव घेऊन म्हणायची, “आता तुम्ही म्हणा.” मग मुलांना म्हणायला ती थोडी जागा सोडायची. त्या जागेत तिच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू यायची, आणि चाची त्या जागेत म्हणायच्या: मोर्णा. काटेपूर्णा. उमा. निर्गुणा. पुस्तकातलं मराठी त्यांना कळत नसे. नद्या पाठ झाल्या होत्या.

डब्बी मरायला टेकली होती. बोटभर जागा उरली नव्हती. विंडोज स्वतःला वाढवू पाही आणि अडकून पडे. कधी दोन-दोन दिवस लागायचीच नाही. तेव्हा चाची जेवत नसत. चाचांनी ठरवलं, आवाज काढून घ्यायचा, डब्बी पुसायची, हलकं लिनक्स टाकायचं आणि आवाज परत ठेवायचा. शेकडो वेळा केलेलं काम. पण ते लांबवत राहिले. वर्ष गेलं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. मी तिवशाच्या लॅबमध्ये होते, प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती, बाहेरचे परीक्षक समोर बसलेले.

“हिवरखेड, एक दिवस येतं का इकडे? सबाची डब्बी पुसाची हाय. मालकाच्या जागी बसाले कोणी तं पाहिजे. तुही चाची पुसाचं नाव काढलं की उठून जाते.”

मी दारात जाऊन हळू आवाजात म्हटलं, “चाचा, परीक्षा चालू हायेत. दोन आठवडे तं येणं होत नाई. आन तुमाले काय मी वाचून दाखवू? तुमीच तं मले शिकवलं. करून टाका ना.”

चाचा म्हणाले, “बरं. करून टाकतो.”

हेच ते माझं वाक्य. करून टाका.

दोन आठवड्यांनी गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दारातलं फडकं वाळून कडक झालं होतं आणि आत सगळीकडे तूस बसली होती. चाचा स्टुलावर बसले होते. मी विचारायच्या आधीच बोलायला लागले, जणू पोलिसात जबाब देत आहेत.

आवाज त्यांनी पेनड्राइव्हवर घेतला. कॉपीच केली, कट नाही. तो पेनड्राइव्हही बत्तीस जीबीचाच. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि नियमाप्रमाणे कॉपी उघडून पाहिली. एक धडा लावला. लावला तो पूर्ण ऐकला. आणि ऐकल्यावर तो पेनड्राइव्ह काढायचं राहून गेलं.

“राहून गेलं,” ते म्हणाले. “तिचा आवाज चालू असताना तो उपसू कसा? मनात आलं, संपू दे. संपला, तं मी तसाच बसलो. मंग नमाजची वेळ जवळ आली. चाची येईन, म्हटलं तिले आज लवकर आयकवू.”

पडद्यावर दोन ओळी आल्या. वीस वर्षं त्यांनी एकच पाहिलं होतं: वरची ओळ, एसडीए, ती मशीनची स्वतःची डिस्क. पण या डब्ब्यांत डिस्क नसते. बोर्डावरच्या चिपेचं नाव वेगळं असतं, आणि एसडीए हे नाव जातं लावलेल्या पेनड्राइव्हला. दोन्ही बत्तीस जीबीचे. चाचांनी वरची ओळ पुसली.

म्हणजे पुसला गेला पेनड्राइव्ह. डब्बी तशीच राहिली, सबाचा आवाज तिच्यात जसाच्या तसा.

मशीन बंद करून लावलं तर जुनी विंडोजच दिसायला लागली. चाचांना वाटलं, लिनक्स बसलंच नाही. कुठं चुकलं असेल? वरची ओळ चालली नाही, तर खालची असेल. त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि खालची ओळ पुसली.

“वीस मिनिटं, हिवरखेड. पह्यल्या अन् दुसऱ्या खेपेच्या मधात वीस मिनिटं ते डब्बीत होती. एक खेप पेनड्राइव्ह उघडून पाह्यला असता तं...” त्यांनी हात वर केला आणि मांडीवर टाकला.

मी लॅबवाली बाई. मला चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, “चाचा, पण खालच्या ओळीत नाव तं लिहिलं होतं ना. वेगळं नाव. पेनड्राइव्हच्या कंपनीचं नावबी वरच्या ओळीत असते. तुमी वाचलं नाई?”

“दिसलं असतं तं तुले बोलावलं असतं का मी?”

मी त्यांच्या डोळ्यांकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण माझ्या जरा डाव्या बाजूला.

“कधीपासून?”

“साखरेनं डोये खाल्ले. तू डबा घेऊन आली तवाच बारीक अक्षर जाऊन राह्यलं होतं.”

“म्हणजे ती पाटी...”

“पाटी इमानाची होती. पाटी पह्यले लागली, डोये मंग गेले. मंग दोन्ही एकाच पाटीत भागून गेलं. कोणाले सांगा लागलं नाई. सांगितलं असतं तं आंधयाच्या हाती डबा कोणं देल्ला असता?”

एसडीए, चाळीस जीबी. अजून जोरानं. मला धीट करायला नव्हतं ते. त्यांना माझे डोळे हवे होते, आणि त्यांनी ते कधी हिसकून घेतले नाहीत, मालकाचा मान म्हणून मागून घेतले. हवालदाराचे, पातूरचे, बाळापूरचे, सगळ्यांचे. फक्त त्या एका डब्बीची मालकीण तिला बसवता येईल अशा ठिकाणी नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले करून टाका.

मी ते त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तुले काय मालूम होतं?” एवढंच. माझी चूक नाही असं ते म्हणाले नाहीत. बरं केलं. खोटं ते कधी बोलले नव्हते.

चाचींना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी आत गेले तेव्हा चाची डब्बीसमोर बसलेल्या. नवं लिनक्स, स्वच्छ निळा पडदा, त्यावर काही नाही. त्यांनी माझ्यासमोर ती बंद करून पुन्हा लावून दाखवली.

“देख,” म्हणाल्या. “अब कित्ता जल्दी चालू होता.”

त्याहून कडू वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि त्या रागानं बोलल्या नव्हत्या.

डब्बीतली चिप पुसताना मुळापासूनच कोरी झाली होती, तिथून काही निघणार नव्हतं. पालकांनी फोनवर जागा करायला ते धडे केव्हाच उडवले होते. पेनड्राइव्हवर मात्र लिनक्सनं एक तृतीयांशच जागा व्यापली होती. बाकीच्या जागेत जुन्याचे तुकडे असू शकतात. तसे तुकडे वेचणारी सोय लिनक्समध्ये असते. मी ती लावून दिली. आकड्यांच्या नावांच्या हजारो फाइली डब्बीत येऊन पडायला लागल्या. तो दुकानाचा जुना पेनड्राइव्ह. त्यावर पूर्वी कोणाकोणाचं सामान येऊन गेलेलं. लग्नाची गाणी, कोणाच्या पोराची पहिली बडबड, कीर्तन, कव्वाली, आणि बहुतेक नुसती खरखर. ऐकायला डोळे लागत नाहीत. दुकानाचं काम बंदच झालं होतं. चाचा रोज सकाळपासून कानाला हेडफोन लावून बसायचे आणि एकेक फाइल ऐकायचे.

सहा महिन्यांत सबाची म्हणून चार मिनिटं निघाली. सलग नाही. ‘मुलांनो’ इथं, ‘नीट ऐका’ तिथं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीत. त्याच्या आधी फोनवर म्हणाले होते, डब्बी भरली, जागा नाही, तुझी चाची काही पुसू देत नाही. यावेळी मी पुढच्या रविवारवर टाकलं नाही. दुसऱ्याच दिवशी अमरावतीत मोठी डिस्क घेतली आणि एसटीत बसले.

ते आतल्या घरात खाटेवर होते, खूप खंगले होते. मी डिस्क त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तळहातावर तोलली, बोटांनी चारही कडा पाहिल्या.

“किती?”

“एक टीबी, चाचा. तुमच्या तीस डब्ब्या मावतीन.”

“बाप्पा,” ते म्हणाले. मग ती हातात तशीच धरून, “साऱ्या जिंदगीत लोकाईले सांगलं, जागा कमी हाय तं काय ठेवाचं ते ठरवा. आता जागाच जागा. ठेवू काय?”

मी डिस्क लावली. ओळी आल्या. न सांगता मी मोठ्यानं वाचायला लागले, कुठून कुठं, किती जीबी, काय नाव. पलीकडे कापूस पिंजणं चाललं होतं ते थांबलं. चाची येऊन चाचांच्या शेजारी खाटेवर बसल्या.

फाइली जात होत्या तोवर चाचा हेडफोन काढून एकेक लावत होते, आम्हाला ऐकू येईल अशी. कोणाची तरी वरात. मग खरखर. मग एक फाइल लागली तिच्यात काहीच नव्हतं, नुसती घरघर. पंधरा-वीस सेकंद.

चाचांचा हात सवयीनं कीबोर्डवरच्या पुसायच्या किल्लीवर गेला. “ये तो खाली है,” चाचा म्हणाले. “पुसू?”

“रहने दो,” चाची म्हणाल्या. “पंखा उसीके कमरे का है.”

चाचांनी ती फाइल पुन्हा लावली. घरघर सुरू झाली. चाची पदर सावरून जरा पुढं सरकल्या, वर्गात बसावं तशा, आणि त्या मोकळ्या जागेत हळूच म्हणाल्या, मोर्णा. मग काटेपूर्णा. उमा म्हणायच्या आत फाइल संपली. चाचांनी चाचपडत किल्ली शोधली आणि ती पुन्हा पहिल्यापासून लावली.